पाळीनं आलेलं नाव

"पारूबायनीच सुचवलाय गो. तिचाच नाव हाय खाली."

मिनीडोरमध्ये माझ्यासमोर बसलेली बाई शेजारणीला सांगत होती. मिनीडोर म्हणजे आमच्याकडची सहा सीटची रिक्षा. तिच्यात दहा जण बसतात. मी रोज पेणच्या रामवाडीहून एसटीने येते, फाट्यावर उतरते आणि ऑफिसपर्यंतचं शेवटचं अंतर मिनीडोरने जाते. प्रवासात मी कुणाशी बोलत नाही. कानात इअरफोन असतात. बऱ्याचदा गाणं लावलेलं नसतं.

"काय सुचवलाय?" शेजारणीने विचारलं.

"नळ बंद करायचा. आपला, खाडीकडचा."

"जा गो! तिनीच तर आनला तो नळ."

"मंग? वाट्सपवर फोटू आलाय. ह्यो बघ. सूचक, श्रीमती पार्वती..."

मोबाईल माझ्या गुडघ्यावरून पलीकडे गेला. मला नाव वाचायची गरज पडली नाही. पानाच्या डावीकडे दीड इंच जागा मोकळी होती. फाईलला भोक पाडलं की अक्षरं जातात, म्हणून तेवढी जागा आमच्या ऑफिसात फक्त मी सोडते. पान माझं होतं.

"मतं मागाय आली तवा नळाला हार घातलेला," पहिली म्हणाली. "आता कुलूप घालनार."

दोघी हसल्या. माझा थांबा मागे गेला ते मला पुढच्या वळणावर कळलं.

मी एका नगरपंचायतीत काम करते. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं मला रोज भेटतात. पेण आणि रोह्याच्या मधली समजा. पूर्वी ती ग्रामपंचायत होती. मग कंपन्यांत शिफ्टला जाणाऱ्यांच्या सोसायट्या झाल्या, हायवेकडेने दुकानं वाढली आणि गावाला सतरा नगरसेवक मिळाले. मी तिथे कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले. सभेचं टेबल सांभाळणारी मुलगी लग्न होऊन कोलाडला गेली आणि ते टेबल माझ्याकडे आलं.

सभेचं काम असं असतं. ठरावीक काळाने सर्व नगरसेवकांची सर्वसाधारण सभा होते. तिच्यात काय काय येणार याची यादी म्हणजे विषयपत्रिका, आम्ही तिला अजेंडाच म्हणतो. सभेत जे झालं त्याची लेखी नोंद म्हणजे इतिवृत्त. मंजूर झालेल्या प्रत्येक विषयाचा ठराव लिहायचा आणि त्याच्याखाली दोन नावं टाकायची. ज्याने ठराव मांडला तो सूचक. ज्याने दुजोरा दिला तो अनुमोदक.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी मराठीच बोलतो, पण 'सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर करण्यात येत आहे' ही मराठी मी ऑफिसात शिकले. शिकले म्हणजे जुन्या फाईलमधून कॉपी करायला शिकले. काही चुकेल आणि कुणी हसेल, ही भीती. त्यामुळे एकही शब्द मी इकडचा तिकडे करत नसे. साहेब लोक म्हणायचे, मुलगी शांत आहे, काम स्वच्छ आहे.

पहिल्याच सभेनंतर मी अडले होते. आमचे सीनियर क्लार्क दळवी काका अष्टमीहून येतात. रोह्याच्या पुलापलीकडे त्यांचं घर आहे. निवृत्तीला थोडा काळ राहिलेला माणूस. मी त्यांना विचारलं, "काका, सूचक कोण लिहू? सभेत कुणीच 'मी सुचवतो' असं म्हणालं नाही. सगळे एकदम 'मंजूर, मंजूर' म्हणाले."

काकांनी ड्रॉवरमधून एक लांबट वही काढली. सतरा जणांची नावं ओळीने लिहिलेली, पुढे बरोबरच्या खुणा.

"ही पाळीची वही. मागच्या ठरावाला कोण होतं? त्याच्या खालचं नाव घ्यायचं."

"पण त्यांनी सुचवलं नसेल तर?"

"कुणीच सुचवत नाही गं. पण नावाशिवाय ठराव होत नाही. पहिल्या वर्षी एकाचं नाव आठ ठरावांत आलं आणि दुसऱ्याचं एकातही नाही. दोघांनी सीओ साहेबांच्या केबिनमध्ये खुर्ची तोडली. तेव्हापासून पाळी. एक भांडण नाही बघ."

ते सांगताना काकांना अभिमान वाटत होता आणि मलाही ती पद्धत आवडली, हे कबूल करायला हवं. शाळेतल्या रोल नंबरसारखी. कुणावर अन्याय नाही.

आता त्या सभेबद्दल. विषय क्रमांक नऊ होता, 'सार्वजनिक नळकोंडाळी बंद करून वैयक्तिक नळजोडणी देणेबाबत'. नळकोंडाळं म्हणजे रस्त्याकडेचा सामाईक नळ. गावात असे पाच उरले होते. चार ठिकाणी घरोघर नळ आल्यामुळे तिथे फक्त गाड्या धुतल्या जायच्या. ते बंद करणं योग्यच होतं. पाचवा खाडीकडच्या वस्तीत. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मिठागरांत राबलेली. तिथल्या विहिरी खाऱ्या. घरं ज्या जमिनीवर आहेत तिचे कागद कुणाच्या नावावर नाहीत आणि कागद नाहीत तर घरात नळजोडणी मिळत नाही. म्हणजे तो नळ गेला की त्या लोकांना गोडं पाणी नाही. अजेंड्यात हे कुठेच नव्हतं. अजेंड्यात फक्त 'पाच' हा आकडा होता.

त्या वॉर्डच्या नगरसेविका म्हणजे पारूबाय. साठीच्या, उन्हाने रापलेल्या. मिठागरात पाट्या वाहून त्यांच्या डोक्यावरचे केस मधोमध विरळ झालेले. सभेत त्या बायकांच्या ओळीत शेवटच्या खुर्चीवर बसतात, पिशवी मांडीवर घेऊन. मी पाहिलं होतं, त्या सहसा बोलत नाहीत. म्हणून मला त्या जवळच्या वाटायच्या.

त्या दिवशी आधीचा सगळा वेळ रस्त्यावरच्या दिव्यांच्या भांडणात गेला होता. सगळ्यांना जेवायला जायचं होतं. अध्यक्षांनी विषय नऊ वाचला, सात-आठ आवाज आले, "मंजूर."

पारूबाय उभ्या राहिल्या. "आमचा नको."

"बघू हो बाई, होईल."

"आमच्या हिरीचा पानी तोंडात घालवत नाय. नळ काढलात तर आमी प्यावा काय? आमचा नको."

"होईल म्हटलं ना सगळं. चला, विषय दहा."

त्या थोडा वेळ तशाच उभ्या होत्या. मग बसल्या.

मी माझ्या रफ वहीत लिहिलं. रफ मी इंग्रजीत घेते, हात भराभर चालतो. विषय नऊ, वॉर्ड चारच्या बाईंचा विरोध, दोनदा, विहीर खारी, उत्तर मिळालं नाही. एवढंच.

दोन दिवसांनी मी इतिवृत्त टाईप करायला बसले. 'सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.' पेस्ट. मग पाळीची वही उघडली. आठव्या विषयाला ज्यांचं नाव होतं त्यांच्या खाली होतं, श्रीमती पार्वती म्हात्रे.

माझं बोट थांबलं होतं. हे मी आता रचून लिहीत नाही, ते खरंच थांबलं होतं. काका फोनवर होते. विचारलं तर ते म्हणतील, पाळी आहे. असं मीच ठरवलं आणि नाव टाईप केलं. प्रिंट काढली. पुढच्या सभेच्या नोटिशीबरोबर मागचं इतिवृत्त सगळ्या सदस्यांना जातं, तसं ते गेलं. कुणीतरी फोटो काढला.

त्या सकाळी मिनीडोरमधून उतरून मी मागे चालत ऑफिसात आले. काका चहा पीत होते.

"काका, विषय नऊला सूचक पारूबाय आहेत."

"पाळीनं आल्या असतील."

"त्यांनी विरोध केला होता. दोनदा."

काकांनी कप खाली ठेवला. "कुठे लिहिलाय विरोध?"

"माझ्या रफ वहीत."

"अजून ठेवलीयस?" ते खरंच घाबरले. "इतिवृत्त झालं की रफ संपली. फाडून टाकायची असते बाळा. उद्या कुणी मागितली तर?"

त्यांनी ओरडायला हवं होतं. ते माझ्या काळजीने बोलत होते, त्याने मी जास्त हादरले.

काय करता येईल ते पाहायला मी कॉम्प्युटर सुरू केला. गुरुवारी पुढची सभा होती. तिची फाईल उघडली आणि मला माझंच काम दिसलं. आदल्या दिवशी, वेळ वाचावा म्हणून, मी गुरुवारच्या सभेचं इतिवृत्त अर्धं टाईप करून ठेवलं होतं. ही पण आमची पद्धतच. विषय क्रमांक एक: 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. सर्वानुमते.' कायम करणं म्हणजे सभेने 'बरोबर आहे' असं मान्य करणं. सभा अजून व्हायची होती. माणसं आपापल्या घरी होती. आणि माझ्या स्क्रीनवर त्यांनी हात वर केलेले होते.

दुपारी पारूबाय आल्या. एकट्याच. हातात ते इतिवृत्त, चार घड्या घातलेलं.

"वाच गो पोरी," त्या म्हणाल्या. "लोक काय काय सांगतात. मला अक्षर लागत नाय."

मी वाचलं. शेवटच्या दोन ओळी हळू वाचल्या, तरी त्यांना ऐकू गेल्या.

"मी?" त्या म्हणाल्या. "मी सुचवला? मी कवा बोलली असा?"

मी कागद घड्या घालून त्यांच्यासमोर ठेवला.

"काल सुनेला नळावर उभा राहू दिला नाय. हंडा उचलून बाजूला ठेवला तिचा. म्हनाल्या, जा, सासूला सांग पानी द्यायला. पोरगी रिकामा हंडा घेऊन आली." त्यांचा आवाज चढला नव्हता. "सतरा वेळा इथे चपला झिजवल्या तवा तो नळ बसला. दुसरा काय केला मी? काय नाय केला. तेवढाच केला." मग त्यांनी मला विचारलं, "तू व्हतीस ना तिथे? कोपऱ्यात बसतीस ती तूच ना? तू ऐकलास ना?"

"हो," मी म्हणाले. इतक्या हळू, की त्यांनी पुन्हा विचारलं, "आं?" तेवढ्यात काका मध्ये आले. "पारूबाय, बसा. चहा घ्या. कागद आहे तो, दुरुस्त करता येतो."

त्या चहाला थांबल्या नाहीत.

मी सीओ साहेबांच्या केबिनमध्ये गेले. सीओ म्हणजे मुख्याधिकारी. ते सरकारचे, निवडून आलेले नव्हेत. तरुण आहेत, नियम नीट सांगतात.

"सर, इतिवृत्त चुकलंय. नवीन प्रिंट काढू का?"

"नाही. सदस्यांना गेलेला कागद आपण परस्पर बदलायचा नाही. गुरुवारी पहिला विषय कायम करण्याचा आहे. तेव्हा म्हात्रे बाई हरकत घेऊ शकतात. सभेला पटलं तर दुरुस्ती होईल. एकदा कायम झालं की मात्र ठराव पक्का. पाईप तोडायची ऑर्डर निघेल."

"आणि त्यांचं कुणी ऐकलं नाही तर?"

"मग रेकॉर्ड बोलतं."

"रेकॉर्ड मी लिहिलंय, सर."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "तुम्ही स्टाफ आहात. सभेत स्टाफ बोलत नाही. अध्यक्षांनी विचारलं तरच. आणि तुमचं कंत्राट कोणाच्या सहीने पुढे जातं, ते तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होतं. अध्यक्षांच्या शिफारशीने.

पारूबायना हरकतीचा नियम सांगायला मी संध्याकाळी एसटी चुकवून खाडीकडे गेले. नळ पाहिला. सिमेंटचा एक ठोकळा, त्याच्या कठड्यावर हंड्यांनी घासून झालेले खळगे. बायका रांगेत होत्या. मिनीडोरमधली बाईही होती. पारूबायचं घर कुठलं असं विचारल्यावर तिने हनुवटीने दाखवलं आणि मागून ऐकू येईल असं म्हणाली, "जा, जा. तिच्याकडे आता ऑफिसची मानसाच येतील."

पारूबायनी माझं सगळं ऐकून घेतलं. "पहिलाच विषय ना? मग उभी राहीन." निघताना त्यांच्या सुनेने मला पाणी दिलं. मी घोटभर पिऊन ग्लास ठेवला. विहिरीचं होतं. त्यांनी सांगितलं नाही आणि मीही तोंड वाकडं केलं नाही, पण तो खारटपणा पेणला पोचेपर्यंत जिभेवर होता.

गुरुवारी सभेला सतराही जण होते. मी कोपऱ्यात, शेजारी दळवी काका. रफ वही माझ्या मांडीवर.

अध्यक्ष म्हणाले, "विषय एक. मागील सभेचं इतिवृत्त सगळ्यांना मिळालेलंच आहे. वाचलं असं समजू. कायम?"

"कायम, कायम."

पारूबाय उभ्या होत्या. "माझी हरकत हाय. नळाचा मी सुचवला नाय. मी नको बोलली व्हती."

कुणीतरी हसलं. मागच्या ओळीतून आवाज आला, "पारूबाय, वस्तीत बोंब झाली म्हणून आता फिरता व्हय?"

"प्रचारात एक, सभेत एक, वस्तीत तिसरंच!"

हशा झाला. ज्या बायकांच्या ओळीत त्या बसायच्या तिथल्याही दोघी हसल्या. अध्यक्ष हसले नाहीत, पण त्यांनी कागद वर धरला. "बाई, तुमचं नाव आहे. हजेरीला तुमची सही आहे. आता मी कागद खोटा म्हणू का?"

"सही मी आल्याची केली. नळाची नाय."

"मग ऑफिस खोटं लिहितं, असं तुमचं म्हणणं आहे?"

पारूबायनी माझ्याकडे पाहिलं नाही. हे मला आजही समजत नाही. त्यांनी बोट दाखवलं असतं तर मी कदाचित घाबरून खाली बघितलं असतं. त्या फक्त समोर बघत म्हणाल्या, "मला काय माहीत. मी नको बोलली व्हती."

"बसा," अध्यक्ष म्हणाले. त्या बसल्या नाहीत. सभागृहात कुजबुज वाढली. आणि मग, वाद मिटवायला म्हणून, बहुतेक काका उत्तर देतील या खात्रीने, अध्यक्षांनी आमच्या कोपऱ्याकडे मान वळवली. "ऑफिस. इतिवृत्त कोणी लिहिलं? काय आहे ते सांगून टाका आणि पुढे चला."

काकांनी पंख्याकडे पाहिलं. सीओ साहेबांनी फाईलमध्ये.

पुढे काय झालं ते इथेच सांगते, कारण ते थोडं आहे. विषय नऊ फेरविचारासाठी परत आला. चार नळ बंद झाले, पाचवा चालू आहे. मला मेमो मिळाला, 'सभेच्या कामकाजात हलगर्जीपणा' या कारणासाठी, आणि तो योग्यच होता. कंत्राट या वेळी पुढे गेलं, पुढच्या वेळचं माहीत नाही. पाळीची वही काकांनी घरी नेली. आता सूचक कोण हे सभेत विचारावं लागतं, त्यामुळे सभा लांबतात आणि सगळे मला दोष देतात. पारूबायच्या सुनेचा हंडा रांगेत परत लागायला मात्र बरेच दिवस गेले. ठराव सभेत दुरुस्त होतो, रांगेचं तसं नसतं. आणि मी एक शिकले. 'सर्वानुमते' हा शब्द पेस्ट करण्याआधी खोलीतली माणसं मोजायची.

पण त्या क्षणी यातलं काहीच झालेलं नव्हतं. काका पंख्याकडे बघत होते, पारूबाय उभ्या होत्या आणि माझ्या मांडीवरची वही खाली पडली. त्या आवाजाने सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वही उचलायला मी उठले आणि उभीच राहिले. पहिल्यांदा बोलले ते कुणालाच ऐकू गेलं नाही. "मोठ्याने," अध्यक्ष म्हणाले.

"मी लिहिलं," मी म्हणाले. "नाव पाळीनं आलं, म्हणून टाकलं. बाई दोनदा नको म्हणाल्या होत्या. मी ऐकलं होतं, सर. तुम्हीही ऐकलं होतं."